बाटली उलटी करा, मग पैसे काढा

“ताई, ती हायलुरोनिकवाली द्या.” डिसेंबर लागला की माझ्या काउंटरवर दिवसातून चारदा हे ऐकू येतं. हायलुरोनिक म्हणजे कोरड्या कातडीच्या क्रीम-सीरममधला पाणी धरणारा घटक. नाशिकला माझं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. थंडीत इथे अंग असं उलतं की नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. मागितलेली बाटली मी देतेच, पण आधी उलटी करून. पुढे नाव असतं, माल मागे.

मागची घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे छापायची असते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्या घटकांना मात्र क्रमाचं बंधन नाही. टक्के बहुतेक कुणी छापत नाही, मग ती एक टक्क्याची रेघ ओळखायची कशी? ‘फिनॉक्सीइथेनॉल’ शोधा. माल टिकावा म्हणून ते घालतात, आणि एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. त्याच्यामागे जे जे येतं ते चिमूटभर. पुढे बदामांचं चित्र आणि मागे बदाम तेल फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली, हे इतक्यांदा पाहिलंय की आता हसू येत नाही. हायलुरोनिकला हा नियम लावू नका. ते मुळात थोडंच घालतात, जास्त झालं की बाटलीत जेली होते.

आता कामं बघू. काही घटक पाणी धरून ठेवतात: ग्लिसरीन, हायलुरोनिक (यादीत बहुधा ‘सोडियम हायलुरोनेट’), युरिया. काही पाणी अडवतात: पेट्रोलेटम (म्हणजे व्हॅसलिन), डायमेथिकोन (एक सिलिकॉन), शिया बटर. माठाला तेलाचा हात लागला की पाणी गार होत नाही, कारण पाझर बुजतो. पेट्रोलेटम चेहऱ्यावर तेच करतं, आणि त्यात त्याला तोड नाही. चिकट लागतं, उन्हाळ्यात नको वाटतं, ते खरंच. सिरॅमाइड तिसऱ्या जातीचं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे जी चरबी असते, तिचा साधारण निम्मा वाटा सिरॅमाइडचाच. साबणाने रोज खरवडून ती गेली आणि चेहरा आग मारत असेल तर मी सिरॅमाइडवालं क्रीम पुढे करते.

ग्लिसरीन की हायलुरोनिक? एकच घ्यायचं तर ग्लिसरीन. त्याचा रेणू लहान, वरच्या थरात शिरतो. हायलुरोनिकचा नेहमीचा रेणू अवाढव्य, वरच बसतो. चेहरा काही तास टवटवीत दिसतो, लग्नाला जाताना छान. पण ‘हजारपट पाणी धरतं’ वगैरे ऐकून खिसा रिकामा करू नका. मी केला होता. जानेवारीत कोरड्या चेहऱ्यावर महागडं सीरम लावलं, वर काहीच नाही, आणि तासाभरात गाल ताणलेल्या पापडासारखे. चूक लावण्यात होती. तोंड धुऊन ओलं असतानाच लावायचं आणि लगेच वरून अडवणारं क्रीम. शिवाय भाव बाटलीचा नाही, १०० मिलीचा काढा: ३० मिली ६०० रुपयांना म्हणजे १०० मिली २,००० रुपयांना. मग लोशनच्या यादीत पाण्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या जागी ग्लिसरीन दिसतं का बघा. दिसलं तर तेच घ्या.

नुसत्या ग्लिसरीनची बाटली घेऊन तशीच थापू नका, चिकचिकाट होतो. एक चमच्याला चार-पाच चमचे गुलाबपाणी, आणि आठवड्यात संपेल एवढंच करा, कारण त्यात टिकवणारं काही नाही.

युरियाचं नाव घेतलं की आमच्याकडे गंमत होते. निफाडचा एक द्राक्षवाला डोळे बारीक करून म्हणाला, “ताई, खताच्या गोणीतला?” रेणू तोच, पण गोणीतला अंगाला लावायचा नाही, हेही त्याला बजावून सांगावं लागलं. पाच-दहा टक्क्यांचं क्रीम कोरड्या हातापायांना, वीस टक्क्यांपासून पुढचं टाचेच्या राठ कातडीला, कारण तिथे ते मऊ करण्याबरोबर कातडी सोलतंही. ही टक्केवारी बहुधा पुढेच छापलेली असते. भेग उघडी असेल, रक्त येत असेल तर थांबा, झोंबून रडवेल. साखरेच्या पेशंटने टाचेचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. माझ्याकडून क्रीम नेण्याआधी डॉक्टरला पाय दाखवावा.

उघड्या भेगांना आमच्या रत्नागिरीच्या आजीचं मुठेल होतं, कोकमाच्या बियांचं. गोळा चुलीशी धरायची, वितळलेला थेंब भेगेत सोडायची, आणि आम्ही पाय आखडून घ्यायचो. यादीत तेच ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ होऊन येतं. परवा एका क्रीमवर पुढे कोकमाचं लालभडक फळ बघून हौसेने बाटली उलटली. सापडलं, फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे.