ऑफर आल्यापासून सही होईपर्यंत

मी भरतीचं काम करते. तुम्ही पगाराचा आकडा सांगता तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला मी असते. मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या जीव तोडून देणारी माणसं ऑफर आली की "चालेल, कधी जॉइन होऊ?" म्हणून मोकळी होतात, आणि मला खरंच वाईट वाटतं. कारण तुमच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन असतं ते याच थोड्या दिवसांत. बाकीचे उमेदवार मागे पडलेले असतात, मॅनेजर "माणूस कधी येतोय?" म्हणून माझ्या मागे लागलेला असतो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची कुणाचीच तयारी नसते.

आमच्या बाजूला काय चालतं ते आधी सांगते. बहुतेक मोठ्या कंपन्यांत प्रत्येक जागेला पगाराचा एक बँड, म्हणजे कमीत कमी ते जास्तीत जास्त अशी मर्यादा, ठरलेला असतो. पहिली ऑफर सहसा त्याच्या वरच्या टोकाला नसते, थोडी जागा राखलेली असते. त्या जागेपुरती वाढ मिळवणं मला फारसं जड जात नाही. बँडच्या बाहेर जायचं तर वरची मंजुरी लागते, आणि एकाच उमेदवारासाठी तीनदा मंजुरी मागायला गेले तर माझंही कुणी ऐकत नाही. म्हणून जे मागायचं ते एकदम मागा, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय तेही सांगा. आज पगार, परवा घरून काम, मग जॉइनिंगची तारीख, असं तुकड्या-तुकड्यांनी नको.

"तुमची अपेक्षा किती?" असं विचारलं की आधी उलट विचारा, "या जागेचा बँड काय आहे?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. युरोपियन युनियनने 2023 मध्ये निर्देशच काढला की मालकाने सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा उमेदवाराला आधी सांगावी आणि जुना पगार विचारू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने जुना पगार विचारण्याविरुद्ध कायदा केला तो 2016 मध्ये. जिथे असा कायदा नाही तिथेही बोलणं नव्या कामाच्या किमतीवरच ठेवा. जुना पगार कमी होता ही नव्या कंपनीने कमी देण्याची सबब होऊ शकत नाही.

बँड सांगितलाच नाही, तर बाजारभाव बघून आकडा तुम्हीच आधी टाका. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलेला एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचा वाटा किती टक्के? चक्रावर 10 आलेल्यांचा मधला अंदाज 25 निघाला, 65 आलेल्यांचा 45. चक्राचा आणि उत्तराचा काडीचाही संबंध नव्हता, तरी पहिल्या आकड्याने अंदाज ओढून नेला. पगाराच्या बोलण्यातही तेच होतं. आणि "इतके ते इतके" असं म्हणू नका, आम्हाला त्यातला खालचाच आकडा ऐकू येतो.

जोर मूळ पगारावर ठेवा. जॉइनिंग बोनस एकदाच येतो, पुढची प्रत्येक वाढ मात्र मुळावर बसते. आज 100 ऐवजी 107 मिळवले आणि दोन्हीवर दरवर्षी 8 टक्के वाढ धरली, तर पाच वर्षांनी 7 चा फरक 10 च्या वर जातो. जॉइनिंग बोनस घेतलात तर किती महिन्यांच्या आत सोडल्यास तो परत करावा लागेल, ते विचारून ठेवा.

आता घरून काम आणि वेळेची मोकळीक. पगार एचआर आणि फायनान्सच्या हातात असतो, पण ही मोकळीक बहुतेक वेळा मॅनेजरच्या हातात असते. त्यामुळे आधी त्याच्याशी बोला. "आम्ही फ्लेक्सिबल आहोत" या वाक्यावर विसंबू नका, ते मी स्वतः कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघालाय. विचारा, "गेल्या महिन्यात टीममधले लोक आठवड्यातून किती दिवस ऑफिसला आले? प्रोबेशनमध्येही हेच लागू आहे का? हे बदलायचा अधिकार कुणाला, आणि किती दिवस आधी कळवतात?" मागताना घरची कहाणी सांगायची गरज नाही. काम कसं होईल ते सांगा. मॅनेजर कचरला तर तीन महिने करून बघू म्हणा, पण आढाव्याची तारीख तिथेच ठरवा. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अशी विनंती करता येते आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तरी तो हक्क विनंतीचाच आहे, होकाराचा नाही. म्हणून ठरवायचं ते सहीआधीच.

फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका. मला आवडणारा मेल साधारण असा असतो:

"ऑफरबद्दल आभार. या कामात मला मनापासून रस आहे. दोन गोष्टी ठरल्या तर मी लगेच होकार कळवते. मूळ पगार अमुक असावा, कारण या जागेत टीम सांभाळणंही आहे आणि ते मी आजही करते. दुसरं, मंगळवार आणि गुरुवार घरून काम, बाकीचे दिवस ऑफिस. याबद्दल मॅनेजरांशी बोलणं झालं आहे. यातली दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची."

असा मेल मी जसाच्या तसा पुढे पाठवू शकते, "हे झालं की ती नक्की येतेय" असं ठामपणे सांगू शकते. "लगेच होकार" या दोन शब्दांनी माझं निम्मं काम होतं. पण ते खरं असेल तरच लिहा. हातात नसलेली दुसरी ऑफरही सांगू नका, पत्र दाखवा म्हटलं की सगळंच अडतं.

मागितलं म्हणून ऑफर जाईल ही भीती सगळ्यांना असते. नीट शब्दांत एकदा मागितल्यामुळे ऑफर मागे घेतलेली मी पाहिलेली नाही. होकार देऊन झाल्यावर पुन्हा आकडा काढणाऱ्यांची मात्र गेलेली पाहिली आहे.

"जमणार नाही" असं उत्तर आलं तर विचारा, "मग काय जमेल?" सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, जास्तीची रजा, ऑफिसला यायची उशिराची वेळ, यातलं काहीतरी बऱ्याचदा निघतं. जे निघेल ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान एचआरच्या मेलमध्ये आलं पाहिजे, कारण तोंडी शब्द देणारा मॅनेजर उद्या दुसऱ्या टीममध्ये गेलेला असू शकतो. सुधारलेलं पत्र आलं की मूळ पगार, घरून कामाचे दिवस आणि नोटीस पीरियड एकेक ओळ करून पडताळा. जुन्या नोकरीचा राजीनामा त्यानंतरच पाठवा.