रिलायन्सची अस्थिरता ५४ टक्के कशी निघाली? अ‍ॅसेट प्रायसिंग शिकताना या चुका टाळा

प्रोजेक्टमध्ये रिलायन्सची वार्षिक अस्थिरता (परताव्याचं वर्षाच्या मापातलं प्रमाण विचलन) ५४ टक्के आली, तर कॅपमला (शेअरच्या जोखमीवरून अपेक्षित परतावा सांगणाऱ्या मॉडेलला) दोष देण्याआधी एक्सेलमधली २८ ऑक्टोबर २०२४ची ओळ बघा. त्या दिवसापासून शेअरचा भाव १:१ बोनस धरून लागला. भाव निम्म्यावर आला, पण एकाचे दोन शेअर झाल्यामुळे भागधारकाचं काही गेलं नाही. कच्च्या भावावरून काढलेला परतावा मात्र उणे ५० टक्के दिसतो, लॉगने काढला तर उणे ६९. एरवी रोजचं प्रमाण विचलन १.३ टक्के असेल आणि २५० दिवसांत असा एकच दिवस घुसला, तरी ते ३.४ होतं. वर्षाचा आकडा काढायला २५० च्या वर्गमुळाने, म्हणजे १५.८ ने गुणायचं (२५० ने नव्हे, तीही चूक दरवर्षी होते). तिथे २०.६ चे ५४ होतात.

एम.ए. अर्थशास्त्र असो की एमबीए फायनान्स, बहुतेक प्रोजेक्ट इथेच घसरतात. सूत्र पाठ असतं, पण हातातला आकडा नेमका कशाचा आहे हे तपासलेलं नसतं.

भाव

एनएसईच्या भावकॉपीतले (रोजच्या भावांच्या फाइलमधले) भाव त्या त्या दिवशीचे, जसेच्या तसे असतात. परताव्यासाठी बोनस, स्प्लिट आणि लाभांश धरून सुधारलेला भाव लागतो. तो घेतल्यावरही परताव्याचा कॉलम लहान ते मोठा असा लावा आणि दोन्ही टोकांची दहा-दहा मूल्यं डोळ्यांनी तपासा. ज्या शेअरवर वायदे-ऑप्शन नाहीत, त्यांना रोजची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. तिथे उणे ३५ टक्के दिसलं तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा ती कॉर्पोरेट अ‍ॅक्शन (बोनस, स्प्लिटसारखी कंपनीची कृती) असते.

डीमर्जरमध्ये (कंपनीचा एक भाग वेगळा होतो तेव्हा) फुकटच्या डेटावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा विशेष सत्रात तिची किंमत शेअरमागे २६१.८५ रुपये ठरली आणि रिलायन्स २,८४१.८५ वरून २,५८० वर आला. आधीचे सगळे भाव ०.९२१४ ने गुणले असतील तर कुणीतरी चुकलं आहे. २,५८० भागिले २,८४१.८५ म्हणजे ०.९०७९. हा भागाकार स्वतः करून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

लाभांशाचा घोळ याहून सूक्ष्म. शेअरचा भाव लाभांश धरून सुधारलेला आणि समोर साधा निफ्टी ५०, म्हणजे एका पारड्यात लाभांश आहे, दुसऱ्यात नाही. निफ्टीचा टोटल रिटर्न इंडेक्स (लाभांश धरलेला निर्देशांक) घ्या. बीटावर (बाजार एक टक्का हलला तर शेअर सरासरी किती हलतो, म्हणजे शेअर आणि बाजाराच्या परताव्यांतून काढलेल्या रिग्रेशन रेषेचा उतार) फारसा फरक पडत नाही, पण वर्षाकाठी टक्का-सव्वा टक्का अल्फा (बीटाच्या हिशेबाहून जास्तीचा परतावा) फुकटात पदरात पडतो, आणि व्हायवाला नेमकं तेच विचारलं जातं.

जोखीममुक्त दर

कॅपममध्ये शेअर आणि बाजार दोघांच्या परताव्यातून जोखीममुक्त दर वजा करतात. ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचा) दर समजा ६.५ टक्के छापलेला असेल, तर तो वार्षिक असतो. रोजच्या परताव्यातून सरळ ६.५ वजा करणारे बरेच निघतात. गंमत अशी की बीटा तरीही बरोबर येतो, कारण स्थिर संख्या वजा केल्याने रेषेचा उतार बदलत नाही. बिघडतो तो अल्फा, आणि किती बिघडतो ते बीटावर अवलंबून: वजा केलेला दर गुणिले (एक उणे बीटा). बीटा १ असेल तर चूक दिसतही नाही. बीटा ०.६ असेल तर अल्फा रोज २.६ टक्क्यांनी खाली जातो आणि विद्यार्थी ‘ही कंपनी सातत्याने कमी परतावा देते’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. रोजच्यासाठी ६.५ भागिले २५०, म्हणजे ०.०२६ टक्के, महिन्यासाठी भागिले १२, म्हणजे ०.५४. जानेवारीच्या परताव्यासमोर डिसेंबरअखेरचा दर ठेवा. जोखीममुक्त म्हणजे महिना सुरू होतानाच माहीत असलेला.

तारखा

बीटा शून्याच्या जवळ आला तर आधी तारखा जुळवा. दोन फायली शेजारी शेजारी चिकटवल्या आणि एकीत एक दिवस कमी असला, की त्याखालच्या सगळ्या ओळी एकाने सरकतात. १ फेब्रुवारी २०२० आणि १ फेब्रुवारी २०२५ हे दोन्ही शनिवार, पण अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता. दिवाळीचं तासाभराचं मुहूर्त ट्रेडिंगही असंच निसटतं. व्हीलुकअपने किंवा पायथनमध्ये मर्जने तारखेवरच जोडा, ओळीवर नाही. न्यूयॉर्कचा बाजार आपल्या संध्याकाळी ७ किंवा ८ ला उघडतो, म्हणून तिथल्या सोमवारचा परिणाम इथे मंगळवारी दिसतो. त्याच तारखेचा सहसंबंध कमीच येणार. साप्ताहिक परतावे घेतले की हे बरंचसं निवळतं.

रोज व्यवहार न होणाऱ्या छोट्या शेअरचा दैनिक बीटा असाच खोटा लहान येतो. मासिक परतावा घ्या, नाहीतर डिम्सन यांची १९७९ची पद्धत वापरा: बाजाराचा आदल्या आणि पुढच्या दिवसाचा परतावाही रिग्रेशनमध्ये घालून तिन्ही गुणकांची बेरीज.

‘बीटा १.१, म्हणजे शेअर आक्रमक’

हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतं आणि बहुधा निराधार असतं. ६० महिन्यांचा डेटा, बाजाराचं मासिक प्रमाण विचलन ५ टक्के, रिग्रेशनमध्ये उरलेल्या चुकीचं ७ टक्के धरा. बीटाची प्रमाण त्रुटी म्हणजे ७ भागिले (५ गुणिले ६० चं वर्गमूळ), साधारण ०.१८. म्हणजे खरा बीटा ०.७४ पासून १.४६ पर्यंत कुठेही असू शकतो. एकाहून मोठा आहे असं छातीठोकपणे म्हणताच येत नाही. अल्फाची अवस्था आणखी वाईट: त्याची प्रमाण त्रुटी महिन्याला ०.९ टक्के. महिना ०.८ टक्के अल्फा, म्हणजे वर्षाला जवळपास दहा टक्के जास्तीची कमाई, दिसली तरी टी-मूल्य (अल्फा भागिले त्याची प्रमाण त्रुटी) एकाच्या आत राहतं. आकड्याच्या खाली कंसात प्रमाण त्रुटी लिहायची सवय लावा. कॅपमची चाचणी एकेका शेअरवर न घेता पोर्टफोलिओंवर घेतात, ती याच कारणाने. १९७३ मध्ये फामा आणि मॅकबेथ यांनीही तेच केलं.

आर-वर्ग ०.२५ आला म्हणून घाबरू नका. त्या शेअरची पाऊण हालचाल बाजाराशी संबंधित नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट ०.९५ आला, तर चुकून परताव्याऐवजी भावांवरच रिग्रेशन केलं नाही ना, ते पाहा.

आजच्या निफ्टीतल्या ५० कंपन्या घेऊन त्यांचा २००५ पासूनचा परतावा काढणंही तसंच फसवं. त्या यादीत २००९ मध्ये बाहेर गेलेली सत्यम नाही, २०२० मध्ये गेलेली येस बँक नाही. उरलेल्यांचाच हिशेब केला तर परतावा गोडच निघणार. ताळेबंदाचे आकडे वापरताना हेच दुसऱ्या अंगाने होतं: मार्चअखेरचं पुस्तकी मूल्य बाजाराला १ एप्रिलला माहीत नसतं, निकाल मेअखेरपर्यंत येत राहतात. म्हणून भारतासाठी पोर्टफोलिओ सप्टेंबरअखेर बांधण्याची पद्धत आहे. घटकांचे (बाजार, कंपनीचा आकार, पुस्तकी मूल्य यांसारख्या फॅक्टरचे) तयार परतावे आयआयएम अहमदाबादच्या डेटा लायब्ररीत मिळतात. ते स्वतः पुन्हा बांधत बसू नका.

लेखी परीक्षेत

सिक्युरिटी मार्केट लाइनच्या (बीटासमोर अपेक्षित परतावा दाखवणाऱ्या कॅपमच्या रेषेच्या) वर असलेला शेअर महाग की स्वस्त? निम्मे जण ‘वर आहे म्हणजे महाग’ लिहितात. उभ्या अक्षावर भाव नसून अपेक्षित परतावा आहे. परतावा जास्त म्हणजे आजचा भाव कमी, म्हणून शेअर स्वस्त.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ऑप्शनच्या द्विपद गणितात. शेअर १००, वर्षाने १२० किंवा ९०, व्याज ५ टक्के, कॉलची (ठरलेल्या भावाला शेअर घेण्याच्या हक्काची) स्ट्राइक, म्हणजे तो ठरलेला भाव, १००. प्रश्नात ‘भाव वाढण्याची शक्यता ०.७’ असंही दिलेलं असतं, आणि विद्यार्थी ०.७ गुणिले २०, भागिले १.०५ करून १३.३३ लिहितो. ते ०.७ फक्त फसवायला ठेवलेलं आहे. दोन तृतीयांश शेअर घ्या, ५७.१४ रुपये कर्ज काढा. वर्षाने कर्जाचे ६० होतात. भाव १२० झाला तर ८० मधून ६० जाऊन २० उरतात. ९० झाला तर ६० मधून ६०, शून्य. हुबेहूब कॉलसारखंच, आणि आजचा खर्च ६६.६७ उणे ५७.१४, म्हणजे ९.५२. कुणी १३.३३ द्यायला तयार असेल तर त्याला कॉल विका, ही जोडी विकत घ्या, उरलेले ३.८१ बिनजोखीम खिशात. जोखीम-तटस्थ शक्यतेने (जिच्यामुळे शेअरचा सरासरी परतावा व्याजदराइतका येतो) केलं तरी उत्तर तेच: (१०५ − ९०) भागिले ३०, म्हणजे ०.५.

ही शक्यता ऋण किंवा एकाहून मोठी आली, तर सूत्र पुन्हा तपासत बसण्याआधी दिलेला व्याजदर महिन्याचा आहे की वर्षाचा ते वाचा.