फेरेटच्या स्क्रिप्टला फाइलमधला मेटाडेटा वाचायला कसे शिकवावे

समुद्राच्या तापमानाची आकडेवारी बहुधा नेटसीडीएफ या वैज्ञानिक आकडेवारीच्या फाइल-प्रकारात येते. त्यात आकड्यांसोबत एकक, पूर्ण नाव, मूल्य नसलेल्या जागी भरलेला आकडा अशी माहितीही असते. हाच मेटाडेटा. बरेच जण तो एकदा डोळ्यांनी वाचतात आणि स्क्रिप्टमध्ये केल्विनचे सेल्सिअस करण्यासाठी वजा करायचा 273.15 हा आकडा हाताने लिहून टाकतात. फाइल बदलली की तीच स्क्रिप्ट चुकीचे उत्तर देते आणि तक्रारही करत नाही. म्हणून एकक स्क्रिप्टनेच फाइलला विचारले पाहिजे.

इथे अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या सिअ‍ॅटलमधील प्रयोगशाळेत तयार झालेले फेरेट हे आकडेवारी तपासण्याचे आणि नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर घेऊ. त्याची आजची आवृत्ती पायफेरेट. लिनक्स आणि मॅकवर ते कोंडा-फोर्ज या पॅकेजच्या भांडारातून बसते. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, लागते. सोबत फेरेट_डेटासेट्स हे पॅकेजही घ्या, सरावाच्या फाइली त्यात आहेत. आज्ञा खाली देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना रोमन अक्षरे वापरा.

आधी फाइल काय सांगते ते पाहा. 'यूज कोअ‍ॅड्स_क्लायमेटॉलॉजी' म्हणून सरावाची फाइल उघडा आणि 'शो अ‍ॅट्रिब्यूट/ऑल एसएसटी' द्या. एसएसटी म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान. एककापुढे 'डेग सी', म्हणजे अंश सेल्सिअस, दिसेल. एकच गुणधर्म हवा असेल तर चलाच्या (म्हणजे एसएसटीसारख्या राशीच्या) नावापुढे टिंब देऊन त्याचे नाव लिहा: 'एसएसटी.युनिट्स'. संपूर्ण फाइलचा गुणधर्म दोन टिंबांनी सुरू होतो, जसे '..टायटल'. अक्षाचा (अक्षांश, रेखांश, वेळ यांचा) हवा असेल तर अक्षाचे नाव कंसात घाला.

आता खरी गाठ. हा गुणधर्म आज्ञेच्या आत वापरायचा तर तो उलट्या अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. कीबोर्डवर 1 च्या डावीकडे असते तेच चिन्ह. फेरेट त्याच्या आतले आधी सोडवते आणि उत्तर त्या जागी बसवते. नवे चल बनवणाऱ्या 'लेट' आज्ञेचे तसे नाही. 'लेट'ने केलेली व्याख्या वापरायची वेळ येईल तेव्हाच मोजली जाते. त्यामुळे 'लेट'मध्ये एकक पकडून ठेवले आणि मध्येच दुसरी फाइल उघडली, तर उत्तर नव्या फाइलचे येऊ शकते. दोन फाइली एकत्र वापरताना चलापुढे चौकटी कंसात 'डी=1' किंवा 'डी=2' लिहायला विसरू नका.

स्क्रिप्टची फाइल जेएनएल विस्ताराने जतन करा. 'गो' आज्ञेने ती चालवताना पुढे दिलेले शब्द आत $1, $2 म्हणून मिळतात: $1 मध्ये फाइलचे नाव, $2 मध्ये चलाचे. एकक 'डीएनकेस' फलनाने छोट्या अक्षरांत आणा, कारण कोणी मोठी अक्षरे लिहितो, कोणी छोटी. मग 'स्ट्रइंडेक्स'ने त्यात 'केल्विन'ची पहिली तीन रोमन अक्षरे शोधा. 'इफ'मध्ये हे उत्तर 0 पेक्षा जास्त आले तर 273.15 वजा करा. नुसते 'के' असे एक अक्षर असेल तर 'स्ट्रकम्प' वापरा. दोन्ही मजकूर सारखे असले की ते 0 देते. 'एलिफ'मध्ये सेल्सिअस आणि 'डेग सी' तपासा. तिथे काही बदलू नका. 'एल्स'मध्ये 'से'ने संदेश छापा आणि 'एक्झिट/स्क्रिप्ट'ने थांबा. अनोळखी एककावर अंदाज बांधण्यापेक्षा थांबलेले बरे.

आता ही स्क्रिप्ट नासाच्या एमयूआर या समुद्र-तापमानाच्या जागतिक नकाशाच्या फाइलवर चालवा. चल 'अ‍ॅनलाइज्ड_एसएसटी', एकक केल्विन. तिच्यातल्या बिंदूंची जाळी 0.01 अंशाची असल्याने संपूर्ण जगासाठी साधारण 65 कोटी मूल्ये होतात, म्हणजे 8 बाइटप्रमाणे 5 जीबीहून जास्त. म्हणून आधी 'सेट रीजन/एक्स=60ई:75ई/वाय=5एन:20एन' देऊन अरबी समुद्राचा तुकडाच घ्या; तो 20 एमबीच्या आत बसतो. कोकण-गोव्याची किनारपट्टी या चौकटीत येते, पण जमिनीवर मूल्य नसल्याने ती सरासरीत धरली जात नाही.

या फाइलमध्ये एक सापळा आहे. मूल्ये पूर्णांकात साठवलेली असतात: गुणक 0.001, भर 298.15. 28 अंश सेल्सिअस म्हणजे 301.15 केल्विन, तो आत 3000 असा असतो. गुणक आणि भर फेरेट स्वतःच लावते. मेटाडेटात ते दिसले म्हणून तुम्ही पुन्हा लावलेत तर 301.15 चे 298.45 होते, म्हणजे 25.3 अंश. आकडा खरा वाटतो, म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. नकाशा जवळजवळ एकाच रंगाचा दिसला की आधी हेच तपासा.

जतन करताना आणखी तीन गोष्टी सांभाळा. 'लेट'ने बनवलेल्या नव्या चलाला मूळ एकक मिळत नाही; ते 'लेट/युनिट्स=' आणि 'लेट/टायटल=' ने स्वतः द्या. मूळ फाइलचे नाव 'डिफाइन अ‍ॅट्रिब्यूट/आउटपुट'ने नव्या चलाला जोडा. 'आउटपुट' विसरलात तर गुणधर्म स्मृतीत राहतो आणि फाइलमध्ये जात नाही. शिवाय फेरेट चलांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिते. पुढचा प्रोग्राम छोटी अक्षरे शोधत असेल तर 'कॅन्सल मोड अपकेस_आउटपुट' आधी द्या. मग 'सेव्ह/क्लॉबर/फाइल='. 'क्लॉबर' जुनी फाइल पुसून टाकतो, त्यामुळे नाव नीट बघूनच एंटर दाबा.

शेवटी जतन केलेली फाइल 'यूज'ने पुन्हा उघडा आणि हीच स्क्रिप्ट तिच्यावर चालवा. या वेळी तिने सेल्सिअस ओळखून काहीही वजा करता कामा नये. मग कोअ‍ॅड्सच्या फाइलवरही एकदा चालवून बघा.