'गोळी गरम पडली' म्हणून विषय संपवू नका : औषधांच्या ॲलर्जीतल्या चुका

सांगलीत औषधाच्या दुकानात काम करताना हे वाक्य मी रोज ऐकतो : "मागची गोळी गरम पडली, दुसरी द्या." कुठली गोळी? "पांढरी, मोठी." पुढचं काही सांगता येत नाही, आणि धोका तिथंच सुरू होतो.

माझ्या आईचंच घ्या. जुलाबावरची गोळी घेतली की काही तासांत तिच्या ओठाच्या कोपऱ्यात आग व्हायची, मग तिथं काळपट डाग पडायचा. ती म्हणायची, उष्णता झाली. आम्ही गुलकंद द्यायचो. तिसऱ्या वेळीही डाग नेमका त्याच जागी उठला, तेव्हा मी जुन्या चिठ्ठ्या काढून ताडून पाहिल्या. तिन्ही वेळा नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकत्र असलेली गोळी होती. ठरावीक गोळी घेतल्यावर दर वेळी त्याच जागी उठणारा असा काळपट डाग ही बहुधा त्या औषधाची ॲलर्जी असते. सल्फाच्या आणि काही पेनकिलर गोळ्यांनीही असा डाग पडतो. दुकानात उभा राहणाऱ्या मला हे कळायला तीन वेळा लागल्या, याची खंत अजून आहे.

'पित्त उठलं' हा शब्दही असाच फसवतो. अँटिबायोटिक सुरू असताना अंगावर गांधी उठल्या, तर आमसुलाचं पाणी चोळून आणि शेंगदाण्यांना दोष देऊन थांबू नका. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

फक्त ब्रँडचं नाव लक्षात ठेवणं

"ऑगमेंटिन चालत नाही, मॉक्स चालतं," असं एक गिऱ्हाईक ठामपणे सांगत होतं. दोन्हींत अमॉक्सिसिलिन आहे. पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन ही सगळी पेनिसिलिनची भावंडं. सेफिक्झिमसारखी औषधं त्यांची लांबची नातेवाईक; पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ती चालतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

जुलाब झाले म्हणून ॲलर्जी म्हणणं

मळमळ, पातळ शौच हे बहुतेक वेळा दुष्परिणाम असतात, ॲलर्जी नव्हे. परदेशातल्या तपासण्यांत दिसलंय, की पेनिसिलिनची ॲलर्जी आहे म्हणणाऱ्या 10 जणांपैकी साधारण 9 जणांना ते औषध सोसतं. खरी ॲलर्जीही वर्षं जातील तशी अनेकांची ओसरते. उगीचचा शिक्का बसला की साधं औषध बाजूला पडतं आणि जास्त कडक अँटिबायोटिक द्यावं लागतं. शंका असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. घरी अर्धी गोळी खाऊन मात्र बघू नका.

श्वास लागल्यावर ॲव्हिल देऊन वाट बघणं

सगळ्यात जिवावर बेतणारी चूक ही. गोळी किंवा इंजेक्शननंतर काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत घसा आवळला, जीभ-ओठ सुजले, दम लागला किंवा चक्कर आली, तर पहिलं औषध मांडीत टोचायचं ॲड्रेनॅलिन. ॲव्हिल, सेट्रिझिनने खाज कमी होते. बुडणारं बीपी सावरत नाही. 108 ला फोन करा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा; दम लागत असेल तर टेकवून बसवा. उभं करू नका, चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून तर अजिबात नेऊ नका. मोठे दवाखाने मिरजेला आहेत म्हणून जत-आटपाडीहून थेट गाडी दामटू नका. वाटेत जिथं हे इंजेक्शन मिळेल तिथं आधी थांबा. बरं वाटलं तरी काही तास देखरेखीखाली राहा, त्रास उलटून येऊ शकतो.

कोर्स संपला, आता कशाची ॲलर्जी?

काही गंभीर प्रकार औषध सुरू केल्यापासून 1 ते 4 आठवड्यांत दिसतात. ताप, तोंडात फोड, लाल डोळे, कातडी सोलणं. असं झालं तर औषध थांबवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. ते औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही.

त्रास झाला की औषधाचं मूळ नाव, तारीख, कितव्या डोसनंतर काय झालं हे लिहा, पट्टीचा आणि अंगावरच्या पुरळाचा फोटो काढा. 1800-180-3024 या सरकारी टोल फ्री क्रमांकावर औषधाच्या त्रासाची नोंदही करता येते. आईच्या फाइलवर आता लाल पेनाने दोन नावं लिहिली आहेत, आणि तीच चिठ्ठी तिच्या बटव्यात एसटीच्या पासामागे घडी करून ठेवली आहे.