छोट्या बिनतारी उपकरणात एकापेक्षा अधिक अँटेना बसवताना

एकाच उपकरणात दोन किंवा चार अँटेना बसवण्याचा हेतू असा असतो, की प्रत्येकाने संकेत वेगळ्या दिशेने किंवा वेगळ्या ध्रुवीकरणाने (लहरीतील विद्युत क्षेत्राच्या कंपनाच्या दिशेने) टिपावा आणि त्या वेगळेपणाच्या आधारे एकाच वारंवारतेवर माहितीचे अनेक प्रवाह एकाच वेळी चालावेत. मायमो या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २००९ च्या ८०२.११एन मानकापासून वाय-फायमध्ये रुळली. मोठ्या राउटरवर अँटेना ऐसपैस अंतरावर उभे करता येतात. हातात मावणाऱ्या उपकरणात मात्र ते जवळजवळ बसवावे लागतात, आणि आराखड्याचा खरा कस तिथे लागतो.

सुरुवात तरंगलांबीपासून करावी. २.४५ गिगाहर्ट्झला ती सुमारे १२२ मिलिमीटर, ३.५ गिगाहर्ट्झला सुमारे ८६ आणि ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे ५२ मिलिमीटर असते. दोन अँटेनांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचे अंतर मिळाल्यास काम पुष्कळ सोपे होते. पण ५० मिलिमीटर रुंदीच्या सर्किट बोर्डावर २.४५ गिगाहर्ट्झसाठी लागणारे ६१ मिलिमीटर रुंदीच्या बाजूने मिळतच नाहीत. म्हणून केवळ अंतरावर विसंबून न राहता दिशा आणि ध्रुवीकरण यांचा आधार घ्यावा लागतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: लहान उपकरणात अँटेना म्हणजे कोपऱ्यातली तांब्याची छोटी पट्टी एवढेच नव्हे, तर बोर्डाचे संपूर्ण ग्राउंडही (सर्किटचा सामाईक तांब्याचा थर) त्या अँटेनाचाच भाग असते. पट्टीतून निघालेला प्रवाह ग्राउंडवर पसरतो आणि उत्सर्जनाचा मोठा वाटा तिथून होतो. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी ३३३ मिलिमीटर असल्याने शंभर-दीडशे मिलिमीटरचा बोर्ड जवळपास सगळा उत्सर्जनात उतरतो, आणि दोन्ही अँटेना बोर्डाच्या लांबीच्या दिशेचा तोच प्रवाह चेतवत असतील, तर पट्ट्या कितीही दूर ठेवल्या तरी त्यांचे उत्सर्जन एकसारखेच राहते. कमी वारंवारतेच्या पट्ट्यात दुसऱ्या अँटेनाकडून पहिल्याइतक्या कामगिरीची अपेक्षा न ठेवता तो फक्त ग्रहणासाठी वापरणे, हा माझ्या मते अधिक प्रामाणिक निर्णय ठरतो.

२.४ गिगाहर्ट्झ आणि त्यावरील पट्ट्यांत मात्र जागेची निवड चांगली साथ देते. १०० बाय ५० मिलिमीटरच्या बोर्डावर इनव्हर्टेड-एफ (उलट्या इंग्रजी एफ अक्षरासारख्या आकाराच्या) प्रकारचा एक अँटेना आखूड कडेवर आणि दुसरा लांब कडेवर, पहिल्याशी काटकोनात ठेवावा, म्हणजे ग्राउंडवरील प्रवाहांच्या दिशा वेगळ्या राहतात. अँटेनाखालचे तांबे बोर्डाच्या सर्व थरांतून काढून टाकावे. यूएसबी ३.० चे कनेक्टर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट सोडतात, त्यामुळे अँटेना त्यांच्यापासून शक्य तितका दूर असावा. सिम्युलेशन चालवताना बॅटरी, डिस्प्ले आणि प्लास्टिकचे आवरण पहिल्या दिवसापासून प्रतिकृतीत धरावे, कारण आवरणामुळे अनुनादाची वारंवारता खाली सरकते.

जागा निश्चित झाल्यावरही कपलिंग (एका अँटेनाची शक्ती दुसऱ्यात शिरणे) जास्त वाटले, तरच ते कमी करणाऱ्या युक्त्यांकडे वळावे. ग्राउंडमध्ये पाव तरंगलांबीची खाच कापली की दोन फीडमधला (अँटेनांना शक्ती पोहोचवणाऱ्या बिंदूंमधला) प्रवाह अडतो. मात्र त्या खाचेवरून कोणतीही डिजिटल ओळ नेऊ नये, कारण तिचा परतीचा प्रवाह तुटतो आणि गोंगाट थेट अँटेनात शिरतो. दोन अँटेनांना बारीक ओळीने जोडून कपलिंगच्या विरुद्ध कलेचा (फेजचा) प्रवाह पोहोचवणारी न्यूट्रलायझेशन लाइन जागा कमी घेते, पण तिचा परिणाम वारंवारतेच्या अरुंद पट्ट्यापुरताच टिकतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आयसोलेशनचा, म्हणजे दोन अँटेना एकमेकांपासून किती अलग आहेत याचा, आकडा जितका खोल तितका आराखडा चांगला, ही समजूत सोडून द्यावी. दोन पोर्टमधले (अँटेनांच्या जोडणीच्या टोकांमधले) कपलिंग उणे १० डेसिबल असेल तर दिलेल्या शक्तीपैकी १० टक्के शेजारच्या पोर्टात जाते. उणे १५ ला सुमारे ३ टक्के आणि उणे २० ला १ टक्का. उणे २० वरून उणे ३० वर जाण्यासाठी घेतलेल्या सगळ्या खटपटीतून जेमतेम १ टक्का शक्ती वाचते, आणि त्यासाठी कापलेल्या खाचेमुळे किंवा जोडलेल्या घटकांमुळे त्याहून अधिक शक्ती उष्णतेत गेली, तर आकडा सुधारूनही उपकरण बिघडते. अपव्यय जास्त असलेल्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डावर आयसोलेशन आपोआप चांगले दिसते, कारण शक्ती शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच जिरते. म्हणून निर्णय एकूण कार्यक्षमतेवर घ्यावा, म्हणजेच परावर्तित झालेली, शेजारच्या पोर्टात गेलेली आणि उष्णतेत जिरलेली शक्ती वजा करून प्रत्यक्ष उत्सर्जित झालेल्या वाट्यावर. सहसंबंध गुणांक (दोन अँटेनांचे उत्सर्जन किती सारखे आहे हे सांगणारा आकडा) ०.५ पेक्षा कमी असणे साधारणपणे चालते. तो दूरक्षेत्रातील (अँटेनापासून पुरेशा लांबच्या) उत्सर्जन आकृत्यांवरून काढावा. फक्त एस-पॅरामीटरवरून (पोर्टवर मोजलेल्या परावर्तन आणि कपलिंगच्या आकड्यांवरून) काढण्याचे सूत्र अपव्ययरहित अँटेना गृहीत धरते आणि प्रत्यक्षात वास्तवापेक्षा चांगले उत्तर देते.

नमुना मोजताना कोॲक्सियल केबलच्या बाहेरील आवरणावरून ग्राउंडचा प्रवाह वाहू लागतो आणि केबलच अँटेनाचा भाग बनते. त्यामुळे केबलवर फेराइट (असा प्रवाह रोखणारे चुंबकीय कडे) चढवावे, ती शक्यतो अँटेनापासून दूर, बोर्डाशी काटकोनात बाहेर काढावी आणि न वापरलेल्या पोर्टला ५० ओहमचा भार जोडावा. केबल हलवल्यावर आलेख बदलत असेल तर त्या मोजमापावर विश्वास ठेवू नये. शेवटी उपकरण वापरात जसे धरले जाते तसे हातात धरून दोन्ही अँटेनांची कार्यक्षमता पुन्हा तपासावी. त्यांच्यातील तफावत ३ डेसिबलच्या पुढे गेली, तर हाताखाली झाकला जाणारा अँटेना दुसऱ्या कडेवर हलवून सिम्युलेशन नव्याने चालवावे.