वायरमनचं कार्ड: रात्री लाइट गेल्यावर हाताशी येणारं

पुण्यातल्या धायरीत स्वतःच्या नावावर वायरमनची कामं घ्यायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला फोन आला. "बाळा, मागे गीझरचं बटण बसवून गेलास तो तूच ना? आमच्याच घरातली लाइट गेलीये रे, शेजारी आहे." पोचलो तर आजी एका हातात मोबाइलची बॅटरी आणि दुसऱ्या हातात माझं कार्ड घेऊन दारातच उभ्या होत्या. बाल्कनीतल्या सॉकेटमध्ये पाणी गेल्यामुळे आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच, पडला होता. दहा मिनिटांचं काम. निघताना आजी म्हणाल्या, "कार्ड लगेच सापडलं, पण नंबर लावायला वीस मिनिटं गेली बघ. दोनदा भलत्यालाच लागला."

मी कार्ड त्यांच्याकडून घेतलं आणि तसंच बॅटरीच्या उजेडात धरून पाहिलं. काळा बॅकग्राउंड, सोनेरी अक्षरं, वर चकचकीत ग्लॉस लॅमिनेशन. उजेड पडला की मधोमध पांढरा चट्टा उमटायचा, आणि नंबर नेमका त्याच्या खाली. कार्ड तिरकं केलं तर चट्टा सरकायचा, पण अक्षर इतकं बारीक की ३ आणि ८ मधला फरक मलाही कळेना, आणि तो तर माझा स्वतःचा नंबर. कार्ड छापताना मी ते प्रेसमधल्या ट्यूबलाइटखाली पाहिलं होतं. वायरमनचं कार्ड लोक अंधारात वाचतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुम्ही आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून, दोन-चार वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढून आता स्वतःचं काम सुरू करत असाल, तर कार्डाबद्दल मी शिकलो ते सांगतो. प्लंबिंग, सुतारकाम, एसी दुरुस्ती करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिलं काम शेजारपाजारच्या, नातेवाइकांच्या, दुकानदाराच्या शब्दावर मिळतं. अनोळखी हातात कार्ड ठेवलं म्हणून मला काम मिळाल्याचं फार कमी वेळा घडलंय. कार्डाची गरज पुढे पडते: सहा महिन्यांनी त्याच घरात काहीतरी बिघडतं, तुमचं नाव आठवत नाही, आणि मोबाइलमध्ये 'इलेक्ट्रिशियन' नावाने चार नंबर सेव्ह असतात. त्या वेळी तुमचं कार्ड हाताला लागलं पाहिजे आणि चटकन वाचता आलं पाहिजे. रंग, कागद, अक्षर, किती छापायचं, कधी द्यायचं, हे सगळं मी आता या एकाच गोष्टीवरून ठरवतो.

आधी मजकुराचं. माझ्या पहिल्या कार्डावर चौदा कामं होती. हाउस वायरिंग, इंडस्ट्रियल वायरिंग, मोटर रिवाइंडिंग, सीसीटीव्ही, आणि खाली 'सर्व प्रकारची इलेक्ट्रिक कामे केली जातील'. रिवाइंडिंग मी कधी केलंच नव्हतं. दुसऱ्याच्या कार्डावर होतं म्हणून लिहिलं. आता चारच ओळी आहेत, आणि त्या गिऱ्हाइकाच्या तोंडच्या आहेत. गिऱ्हाईक फोनवर 'लीकेज फॉल्ट' म्हणत नाही. ते म्हणतं, "गीझर लावला की बटण पडतंय." म्हणून माझ्या कार्डावर लिहिलंय: लाइट गेली, बटण पडतंय, पंखा-गीझर-इन्व्हर्टर, नवीन वायरिंग. हा बदल केल्यापासून फोनवर समोरचा माणूस अडखळत नाही, थेट कामाचं बोलतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे आपण नाही ते कार्डावर लिहू नका. मी हे किंमत मोजून शिकलो. त्याच पहिल्या कार्डावर नावाखाली 'इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर' असं छापलं होतं. माझ्याकडे फक्त वायरमनचा परवाना होता. ठेकेदाराचा परवाना वेगळा असतो. प्रेसवाल्याने विचारलं, "खाली काय टाकू?" आणि मी सहज सांगून टाकलं. नऱ्ह्यात एका गृहस्थांनी नवीन घर बांधलं, ते कार्ड पाहूनच वायरिंगचं सगळं काम मला दिलं. काम मन लावून केलं. शेवटी महावितरणकडे मीटरसाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "टेस्ट रिपोर्ट द्या तुमचा." वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला, परवानाधारक विद्युत ठेकेदारच देऊ शकतो. मी तसं सांगितल्यावर त्यांनी खिशातून कार्ड काढलं, त्या शब्दांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहत राहिले. आवाज चढवला नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या काकांकडे ठेकेदाराचा परवाना होता. त्यांनी येऊन आधी सगळं वायरिंग तपासलं, मेगर या मापनयंत्राने वायरींचं इन्सुलेशन पाहिलं, अर्थिंग मोजलं, दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली आणि मगच सही केली. मीटर बसलं. पण त्या घरून मला परत फोन आला नाही. उरलेली सहाशे-सातशे कार्डं मी त्याच आठवड्यात फाडून टाकली. आता नावाखाली 'वायरमन' एवढंच असतं, शेजारी परवाना क्रमांक. त्या क्रमांकाचं गिऱ्हाइकाला काय, असं पूर्वी वाटायचं. पण सोसायटीचे सेक्रेटरी तो वाचतात, आणि वाचल्यावर त्यांचं बोलणं बदलतं.

जीएसटीचंही तसंच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. कार्ड भारदस्त दिसावं म्हणून तिथे काही लिहायला जाऊ नका.

पत्त्याच्या जागी मी भाग लिहितो: धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक, सिंहगड रोड. आधी नुसतं 'पुणे' होतं, तेव्हा वाघोलीहून ट्यूब बदलायला फोन यायचे. नाही म्हणताना जिवावर यायचं, आणि गेलं तर अर्धा दिवस रस्त्यातच. दुकान नसेल तर घराचा पूर्ण पत्ता छापायची गरज नाही.

देवाचा फोटो टाकावा का, हे प्रत्येक जण विचारतो. वर बारीक '॥ श्री ॥' असावं, माझ्याही कार्डावर आहे. फोटो मात्र टाकू नये असं मी मनापासून सांगतो. कार्ड जिन्यात पडतं, पायाखाली येतं, भाजीच्या पिशवीच्या तळाशी जातं. ते बघवत नाही, आणि ज्याला ते टाकायचंय त्याचीही पंचाईत होते. शिवाय ती जागा नंबरला हवी असते.

नंबर एकच द्या, आणि तो आयुष्यभराचा आहे असं समजून निवडा. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे रेंज नाही म्हणून नंबर बदलायचं काही कारण उरलेलं नाही. आकडे पाच-पाचच्या दोन गटांत, मध्ये जागा सोडून छापा. लिहून घेताना, सांगताना आपण तसंच थांबतो. आकडे इंग्रजी ठेवा, कारण बहुतेकांच्या मोबाइलच्या बटणांवर तेच असतात. माझं नाव आणि कामं एका बाजूला मराठीत आहेत, मागच्या बाजूला वरच्या एका ओळीत इंग्रजीत. नऱ्ह्या-धायरीत बाहेरून आलेली पोरं भाड्याने राहतात, त्यांनाही वाचता यायला हवं. नंबर मात्र मराठी बाजूलाच, मोठा. लोक हल्ली कार्डाच्या एका बाजूचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. त्या एका फोटोत नाव, काम आणि नंबर तिन्ही आलं पाहिजे.

क्यूआर कोड हवा असेल तर जपून. मी एकदा फुकटच्या साइटवर बनवला. छापून आला तेव्हा झकास चालला. काही आठवड्यांनी एका ताईंनी सांगितलं की स्कॅन केल्यावर भलतंच पान उघडतं आणि पैसे भरायला सांगतं. तो 'डायनॅमिक' कोड होता: मधल्या साइटवरून फिरून येणारा, मुदत संपली की मरणारा. 'स्टॅटिक' कोडमध्ये तुमची लिंक थेट असते, तो कधी बंद पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबरच्या आधी ९१ घालायला विसरू नका. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि त्याच्या चारही बाजूंना कोरी पांढरी जागा हवी. यूपीआयचा कोड मी कार्डावर टाकत नाही. बँक बदलली की सगळा गठ्ठा वाया.

आता प्रेस. पुण्यात अप्पा बळवंत चौक, नारायण पेठ, सदाशिव पेठ या भागात छपाईची भरपूर दुकानं आहेत, आणि तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकचा माल घ्यायला आपण जातोच, तेव्हा त्याच फेरीत जमतं. सर्वसाधारण माप साडेतीन इंच बाय दोन इंच. आर्ट कार्ड (जाड गुळगुळीत कागद) ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं, पुरतं. हजाराचा लॉट स्वस्त पडतो, कारण ते एका मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं एकत्र छापतात. शंभरच हवी असतील तर डिजिटल प्रिंट घ्यावी लागते आणि एकेक कार्ड महाग जातं. एकत्र छपाईत रंग दर खेपेला थोडा उन्नीस-बीस होतो. पांढऱ्यावर काळं असेल तर तो प्रश्नच येत नाही.

लॅमिनेशन मॅट घ्या, आणि पुढच्याच बाजूला. हे निक्षून सांगा, नाहीतर सवयीने दोन्ही बाजूंना मारतात. मागच्या बाजूचा खालचा भाग कोरा आणि बिनालॅमिनेशनचा हवा, कारण तिथे आपल्याला बॉलपेनने लिहायचंय. न फाटणारी प्लॅस्टिकची कार्डंही मिळतात. पाण्यात भिजली तरी टिकतात, प्लंबरच्या कामाला चांगली. पण त्यांच्यावर साधं पेन उठत नाही.

प्रूफ तपासणं ही घाईत करायची गोष्ट नाही. बरेच ऑपरेटर कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारख्या, मोबाइलवरच्या मराठीशी न जुळणाऱ्या फॉन्टवर काम करतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मराठी मजकूर तिथे चिकटवला की अक्षरं मोडू शकतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, मग ते सगळं हाताने पुन्हा टाइप करतात. चूक तिथे होते. मी प्रूफ मोबाइलवर पाहून 'ओके' पाठवत नाही. समोर बसतो, कार्डाच्या खऱ्या मापात साध्या कागदावर प्रिंट मागतो, शेजारच्या कुणाला तरी वाचायला देतो, आणि त्या कागदावरचा नंबर बघून दुसऱ्या मोबाइलवरून फोन लावतो. माझा फोन वाजला तरच छपाई.

छापून आलं की लोक पहिल्या आठवड्यात दोनशे कार्डं वाटून मोकळे होतात. तसं करू नका. कार्ड द्यायची वेळ काम संपल्यावर येते. हात धुतलेत, कचरा उचललाय, पैसे घेतलेत, आणि मग मागच्या बाजूला लिहायचं: तारीख, काय केलं, काय बसवलं. 'गीझरचा १६ अँपिअरचा एमसीबी बदलला. आरसीसीबी ३० मिलीअँपिअर, टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबणे.' (एमसीबी म्हणजे लोड वाढला की पडणारं बटण.) यामुळे कार्ड घरातला एक कागद होतं, बिलाजवळ ठेवलं जातं. पुढच्या वेळी त्या घरी गेलो की आधी काय केलं होतं ते मलाही तिथे वाचायला मिळतं.

आजींच्या त्या रात्रीनंतर मी कार्डाबरोबर विनाइलचे स्टिकरही छापून घेतो. डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, दार उघडायचं, कोणता एमसीबी कशाचा ते मार्करने लिहायचं: हॉल, किचन, गीझर, मोटर. बऱ्याच घरांत हे कुणी कधी लिहिलेलंच नसतं, आणि लाइट गेली की माणसं सगळी बटणं वर-खाली करत बसतात. मग दाराच्या आतल्या बाजूला, वायरींपासून लांब, घरच्यांना विचारून स्टिकर लावायचा. त्यावर माझा नंबर, आणि त्याखाली महावितरणचा १९१२. अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली असेल तर मला फोन करून उपयोग नसतो, तिथे तक्रार करायची असते, हे त्या माणसाला त्या क्षणी कळायला हवं. कागदी स्टिकर घेऊ नका, वर्षभरात कडा सुटतात.

इलेक्ट्रिकलच्या दुकानात कार्ड ठेवायचं तर आधी त्या दुकानातून माल घ्या, आणि त्यांनी पाठवलेलं पहिलं काम स्वतः जाऊन करा. काउंटरच्या काचेखाली दहा कार्डं असतात. दुकानदार नाव मात्र एकाचंच घेतो.

मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक नव्या फोनला विचारतो, "नंबर कुठून मिळाला?" आणि त्यापुढे एक अक्षर लिहितो: दुकान, शेजारी, कार्ड, स्टिकर, ग्रुप. गेल्या दिवाळीत बसून मोजलं तेव्हा जुन्या घरांतून आलेल्या फोनपुढे स्टिकरचा 'स्टि' सगळ्यात जास्त वेळा होता. म्हणून या खेपेला कार्डं एक हजारच ठेवली आणि स्टिकर दुप्पट सांगितले, नंबरचं अक्षर मागच्यापेक्षा आणखी थोडं मोठं करून.