एरोपोनिक्समध्ये सिलिका आधी, खते नंतर
घरगुती एरोपोनिक्ससाठी, म्हणजे मातीविना हवेत लोंबणाऱ्या मुळांवर नोझलने खतपाण्याचे तुषार मारून झाडे वाढवण्यासाठी, पोटॅशियम सिलिकेट (सिलिका देणारे द्रावण) साध्या पाण्यात सर्वांत आधी मिसळून नीट ढवळावे आणि त्यानंतरच कॅल्शियमयुक्त खते घालावीत. दोन्ही घट्ट द्रावणे थेट एकत्र आल्यास साका तयार होऊन बारीक नोझल तुंबतात. सिलिकेट तीव्र अल्कधर्मी असल्याने शेवटी द्रावणाचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) ५.५ ते ६.२ दरम्यान आणावा. काकडी सिलिका भरपूर शोषते, टोमॅटो फारच कमी, त्यामुळे टोमॅटोसाठी हा खर्च मला अनाठायी वाटतो. सिलिकामुळे उष्णतेचा ताण काहीसा सुसह्य होतो, पण पाणी थंड होत नाही. पाण्याचे तापमान २० वरून ३० अंश सेल्सिअसवर गेले, की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅमवरून ७.५ वर येतो आणि मूळकुजीला वाव मिळतो. म्हणून विदर्भातील उन्हाळ्यात टाकी सावलीत ठेवून तिला थर्माकोलचे आवरण द्यावे आणि दुपारी गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या तीत सोडाव्यात.